वाढीव वीजबिलाबाबत

दहावीच्या वर्गाला पत्रलेखन शिकवताना एक पत्र मी दर वर्षी लिहून घेतो. विषय ठरलेला : वाढीव वीजबिलाबाबत. शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे मुलं आधी ‘माझा बिल जास्त आला आहे’ असं लिहितात. उर्दूत बिल ‘आता है’, मराठीत ते ‘येतं’. हा लिंगाचा घोटाळा निस्तरण्यात निम्मा तास जातो. मग ‘मा. महोदय’, मग ग्राहक क्रमांक, आणि मग ‘आमच्या घरात फक्त दोन पंखे व चार दिवे आहेत’ हे वाक्य. ते प्रत्येक वहीत असतं. ज्याच्या घरी फ्रिज आणि वॉशिंग मशीन आहे त्याच्याही वहीत असतं. अठरा वर्षं मी त्यावर बरोबरची खूण करत आलो. २०२४ च्या जूनमध्ये तेच पत्र मला स्वतःसाठी लिहावं लागलं, आणि पेन हातात घेतल्यावर पहिलं वाक्य सुचलं ते हेच.

त्या घरात आम्ही मार्चच्या एक तारखेला राहायला आलो होतो. त्याआधी विजापूर वेशीजवळच्या जुन्या घरात चौदा वर्षं काढली. ते मालकानं विकायला काढलं. मग दोन महिने घर शोधणं. अकरा घरं झाली. चार भाड्यामुळं हुकली, बाकीची नावामुळं. तोंडावर नाही कुणीच म्हटलं नाही, हे सांगायला हवं. फोनवर माझं मराठी ऐकून लोक म्हणायचे, ‘या की सर, केव्हाही या बघायला.’ नाव सांगितलं की त्यांचा पुण्याचा मुलगा परत यायचा असायचा. सोलापूरचे इतके मुलगे पुण्याहून एकदम परत आले असते तर शहराचं भलंच झालं असतं.

शेवटी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट मिळाला. ३०२. घरमालक काका निवृत्त कर्मचारी, शहरातच दुसरीकडे राहणारे. त्यांनी नाव ऐकलं, शाळेचं नाव ऐकलं आणि म्हणाले, ‘मास्तर आहात ना? बास. भाडं पाच तारखेच्या आत द्या.’ एवढ्या एका वाक्यानं मी त्यांचा इतका ऋणी झालो की या माणसाला आपल्याकडून कसलाही त्रास होऊ द्यायचा नाही असं मनाशी ठरवून टाकलं. बिल्डिंगमध्ये आमचं एकच मुसलमान घर. मुलांना जिन्यात पळू नका म्हणून सांगितलं. बायकोनं मसाला वाटताना खिडक्या लावायला सुरुवात केली. सांगितलं कुणीच नव्हतं.

पहिलं बिल साडेतीन हजारांच्या पुढं आलं. ३१८ युनिट. जुन्या घरात उन्हाळ्यातसुद्धा आमचं बिल हजार-बाराशेच्या पुढं जात नसे. पण तो महिना रमजानचा होता. पहाटे चारला सहेरीसाठी सगळं घर उठायचं, तरावीहनंतर बारापर्यंत दिवे चालायचे, नव्या घराचं सामान लावताना ड्रिल मशीन चाललं होतं. मी स्वतःची समजूत घातली आणि बिल भरलं.

दुसरं बिल पावणेपाच हजार. ३७१ युनिट. आता रमजान संपला होता.

माझी शाळा अंशतः अनुदानित आहे. ज्यांना हा शब्द माहीत आहे त्यांना पगाराचं वेगळं सांगायला नको. पावणेपाच हजार म्हणजे किराण्याची निम्म्याहून जास्त यादी. मी बिल घेऊन बसलो आणि पहिल्यांदा आकड्यांच्या वरचं-खालचं सगळं वाचलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. एक गोष्ट तेव्हा नीट कळली. आपण म्हणतो वापर दुप्पट झाला तर बिल दुप्पट. तसं नसतं. पहिल्या १०० युनिटांना त्या वर्षी पावणेपाच रुपयांच्या आसपास दर होता, १०१ ते ३०० ला दहाच्या वर, ३०० च्या पुढं साडेचौदाच्या आसपास. शिवाय प्रत्येक युनिटाला वहन आकार वेगळा. म्हणून तक्रार करताना रुपये बघायचे नाहीत, युनिट बघायचे. मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, मीटरचा फोटो. मी खाली जाऊन मीटरवरचा आकडा बिलाशी ताडून पाहिला. बरोबर होता. मीटर क्रमांक बरोबर. अंदाजे बिल नव्हतं, थकबाकी नव्हती.

म्हणजे वीज वापरली जात होती. प्रश्न एवढाच उरला की कोण वापरतंय. आणि घरातला कर्ता माणूस हा प्रश्न पहिल्यांदा कुणाला विचारतो? घरातल्यांनाच.

आधी मुलीला. फोन चार्जरला लावून झोपते म्हणून. (फोन चार्ज करायला महिनाभरात एक युनिटही लागत नाही, हे मला नंतर कळलं.) मग बायकोला, दिवसातून पाच वेळा फ्रिज उघडते म्हणून. मग वायरमन बोलावला. त्यानं फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालंय म्हणून बदललं, गिझरची कॉइल तपासली, कुठं अर्थिंगला करंट जातोय का बघितलं आणि नऊशे रुपये घेऊन गेला. जाताना म्हणाला, ‘सर, एवढ्या सामानाला एवढं बिल येत नाही.’ हे मलाही माहीत होतं.

आणि मग अम्मी.

मे महिना. सोलापूरचा मे ज्यानं काढलाय त्याला वर्णन नको. माझी निवडणुकीची ड्युटी नुकतीच संपली होती, डोकं तापलेलं होतं. दुपारी अम्मीच्या खोलीत गेलो तर पंखा चालू, कूलरही चालू, आणि अम्मी खोलीत नाही, वुजू करायला गेलेली. मी दोन्ही बंद केले आणि ती आल्यावर जे बोलू नये ते बोललो. घरात आम्ही दखनी बोलतो, त्या भाषेत रागावलं की शब्द जरा जास्तच टोचतात. बिल कोण भरणार, असं मी तिला विचारलं. माझ्या वडिलांनी यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करून मला बी.एड. केलं, आणि त्या पाळ्यांचा डबा जिनं भरला तिला मी हे विचारलं.

ती एवढंच म्हणाली, ‘नक्को लगाऊँ तो नै लगाती. इत्ता काय को चिल्लाता?’

दुसऱ्या दिवसापासून तिनं खरोखरच लावला नाही. दुपारी जिन्याच्या चौकात वारा येतो म्हणून तिथं चटई टाकून तसबीह घेऊन बसायला लागली. समोरच्या ३०१ मधल्या काकूही दार उघडून उंबऱ्यात बसायच्या. काकूंचे यजमान आजारी होते. पूर्वी गिरणीत कताई खात्यात होते, फुप्फुसं गेलेली. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, नाकात नळी लावून खुर्चीत बसलेले. दोघी म्हाताऱ्यांची चांगली गट्टी जमली. रात्री जेवताना अम्मी म्हणाली होती, ‘उनके घर में मशीन चलती रात-दिन, हवा की. तेरे अब्बा के टैम पे ऐसी मशीन रहती तो...’ मी बिलाच्या विचारात होतो. हूं म्हटलं आणि पुढची भाकरी घेतली.

तिसरं बिल आलं. ४१२ युनिट, साडेपाच हजार. अम्मीच्या खोलीतला पंखा बंद असतानाचं बिल.

मग मी ते पत्र लिहिलं. वीज कंपनीच्या कार्यालयात नेऊन दिलं, पोच घेतली. त्यांचा माणूस चौथ्या दिवशी आला, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्यानं मीटरला यंत्र जोडून तपासणी केली आणि म्हणाला, ‘मीटर ओके आहे. जेवढं जातंय तेवढंच दाखवतंय.’ मी म्हटलं, पण आम्ही एवढं वापरत नाही. तो म्हणाला, ‘मीटरच्या पुढची वायरिंग तुमची. ती आम्ही बघत नाही.’ तेव्हा मला हे उत्तर टोलवाटोलवीचं वाटलं. आज वाटतं, सगळं कोडं त्यानं दोन वाक्यांत सोडवून ठेवलं होतं, मलाच वाचता आलं नाही.

घरमालकांना फोन करायचा राहिला होता. बायको रोज म्हणायची, करा. मी रोज उद्यावर ढकलायचो. अकरा घरांनंतर मिळालेलं घर. तिसऱ्या महिन्यात भाडेकरू तक्रार घेऊन आला तर मालकाच्या मनात काय येईल? ‘यांना घर दिलं आणि कटकट सुरू.’ त्या ‘यांना’मध्ये मी एकटा नसतो, हे मला माहीत आहे. माझ्यानंतर त्याच बिल्डिंगमध्ये घर बघायला येणाराही असतो.

आणि दुसरीकडे रात्री झोप येईना तेव्हा वेगळाच विचार डोक्यात यायचा, तोही लिहून टाकतो. लिफ्ट. पाण्याचा पंप. जिन्यातले दिवे. कुणीतरी ते सगळं आपल्या मीटरवर टाकलंय. एकच मुसलमान घर आहे, बोलणार नाही, भरत राहील. हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही, पण सकाळी लिफ्टमध्ये कुणी ‘काय सर, शाळा कधी सुरू?’ म्हटलं की मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचो. बदगुमानी नको म्हणून मुलांना मी मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगतो. कुराणात त्याबद्दल काय आलंय तेही सांगतो. आणि इथं रात्री दोन वाजता पूर्ण सोसायटीला मी आरोपी करून ठेवलं होतं.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी रात्री मुलीलाच सुचलं. ती म्हणाली, ‘अब्बू, आपलं सगळंच बंद करून बघू या ना, मीटर थांबतं का.’ नववी संपवून दहावीत जाणारी मुलगी. मला तीन महिन्यांत हे सुचलं नव्हतं.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं किती लुकलुकींना एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० होतं. मी वर घरातला मेन स्विच पाडला. पूर्ण अंधार. मुलगी खाली मीटरच्या पॅनेलपाशी फोनवर. मी विचारलं, थांबलं? ती म्हणाली, ‘नाही अब्बू. चालूच आहे.’ मी तिला घड्याळ लावून एक मिनिट मोजायला सांगितलं. बावीस.

मेणबत्तीच्या उजेडात मी हिशेब केला. मिनिटाला २२ म्हणजे तासाला १३२०. त्याला ३२०० नं भागलं तर ०.४१ युनिट. दिवसाला जवळजवळ दहा. महिन्याला जवळजवळ ३००. आमच्या घरातला एक दिवाही चालू नसताना महिन्याला ३०० युनिट आमच्या नावावर जात होती. मला राग आला आणि त्याहून जास्त आनंद झाला. म्हणजे मी बरोबर होतो.

भाड्याच्या घरात जो कुणी जाणार असेल त्यानं हे काम सामान लावायच्या आधी, पहिल्या दिवशी करावं. आतला मेन बंद करायचा, खाली जाऊन आपलं मीटर थांबलं का बघायचं, आणि शेजारची मीटरंही बघायची. आम्ही ती शेजारची बघितली नाहीत, तिथंच चुकलो. मुलगी फक्त ‘३०२’ लिहिलेल्या मीटरसमोर उभी होती. शेजारच्याकडं नजर टाकली असती तर त्याच रात्री सगळं कळलं असतं, आणि पुढचं टळलं असतं.

रविवारी सकाळी वायरमनला फोन केला. तो म्हणाला, आज येत नाही, पण तुम्हीच बघा. मीटरखालचा एमसीबी पाडा आणि वर जाऊन काय काय बंद झालं ते बघा. लिफ्ट बंद झाली तर लिफ्ट, पंप बंद झाला तर पंप. सोपं होतं. मी खाली गेलो आणि ३०२ च्या मीटरखालचा खटका खाली ओढला. लाल ठिपका लगेच थांबला. मनात म्हटलं, आता कळेल. लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली. म्हणजे लिफ्ट नव्हे. त्याच लिफ्टनं वर गेलो. जिन्यातला दिवा चालू. आमचं दार उघडं होतं, आत बघितलं तर आमचा पंखा फिरतोय. मला काही समजेना. खालून मेन बंद आणि माझा पंखा फिरतोय कसा?

तेवढ्यात समोरच्या घरातून ‘ट्यँ ट्यँ’ असा सारखा आवाज यायला लागला. दार उघडून काकू बाहेर आल्या, केस विस्कटलेले. ‘लाईट गेली का ओ सर? आमचीच गेली का? यांचं मशीन बंद पडलंय.’

मी जिन्यानं उतरलो. लिफ्टची वाट बघायला थांबलो नाही एवढं आठवतं. तीन मजले. खटका वर केला, ठिपका पुन्हा लुकलुकायला लागला, आणि मी परत वर. अम्मी माझ्या आधीच काकूंच्या घरात होती. कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी काकूंच्या थरथरत्या हातांनी फिरत नव्हती, ती अम्मीनं फिरवली होती. माझ्या वडिलांच्या शेवटच्या महिन्यांत शिकलेली गोष्ट. काकांचे ओठ निळसर झाले होते, पण डोळे उघडे होते. मशीन पुन्हा घुं घुं करायला लागलं तशी अम्मीनं नळी सिलिंडरवरून काढून मशीनला लावली. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. काकांनी हात वर करून मला ‘ठीक आहे’ अशी खूण केली. त्यांना वाटलं मी मदतीला धावून आलोय.

मी तिथं काही बोललो नाही. घरी आलो, बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि बादलीवर बसून राहिलो.

दुपारी मुलीला घेऊन पुन्हा खाली गेलो, या वेळी फक्त वरचा आमचा मेन बंद करून. ३०१ लिहिलेलं मीटर थांबलं. चालू केला, ३०१ सुरू झालं. पॅनेलवर मार्करनं लिहिलेले आकडे ठीक होते, बिलंही त्याच आकड्यांप्रमाणं येत होती. मीटरमधून वर जाणाऱ्या वायरी उलट्या लागल्या होत्या. आमच्या मीटरवर त्यांचं घर, त्यांच्या मीटरवर आमचं. आम्ही राहायला येण्याच्या आठवडाभर आधी सोसायटीनं जिन्याखालची जुनी मीटरं काढून पार्किंगमध्ये नवीन पॅनेल बसवून घेतलं होतं. एका दिवसात चोवीस घरांच्या वायरी सोडून पुन्हा जोडलेल्या. त्यात दोन चुकल्या. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. माझ्या रात्रीच्या यादीत जितके लोक होते त्यांतल्या कुणीही नाही.

संध्याकाळी मगरिबनंतर मी काकूंकडं गेलो. काय सांगायचं याची मी दोनदा मनात उजळणी केली होती, तरी पहिलं वाक्य भलतंच निघालं. मी म्हटलं, ‘काकू, सकाळी लाईट मी घालवली.’ आणि मग सगळं सांगितलं.

त्या बराच वेळ गप्प. मग उठून कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. त्यात वर्षभराची बिलं, घडी घालून. त्यांची बिलं पूर्वी साडेतीन-चार हजारांची होती. काकांचं मशीन साधारण साडेतीनशे वॅटचं, चोवीस तास. मार्चपासून मात्र १३१ युनिट, १५८, १८७. ती आमची होती. मार्चमध्ये बाराशेच्या आत बिल आल्यावर त्यांनी बिल्डिंगमध्ये दोन-तीन जणींना सांगितलं होतं की नव्या पॅनेलमुळं बिल कमी येतं. आणि मग त्या म्हणाल्या, ‘खरं सांगू का सर, मला शंका आली होती. मशीन तर तेच आहे. मुलाला फोन केला पुण्याला. तो म्हणाला, आई, कमी आलंय ना, मग गप बस.’

पुण्याचा मुलगा या गोष्टीत शेवटी खरोखर निघाला. आणि मला त्याचा राग आला नाही. माझं बिल तीन महिने हजारानं कमी आलं असतं तर मी पत्र लिहिलं असतं का? वर्गातल्या कुठल्याही वहीत ‘कमी आलेल्या वीजबिलाबाबत’ असं पत्र मी कधी लिहून घेतलेलं नाही.

घरमालकांना त्या रात्री फोन केला. ते सकाळीच आले, स्कूटरवर, सोसायटीच्या चेअरमनला सोबत घेऊन. वायरमन आला. काकांना आधी सिलिंडरवर घेतलं, मग दोन्ही वायरी सोडून अदलाबदल केली. दहा मिनिटांचं काम. दोन्ही घरांच्या सह्यांचा एक अर्ज वीज कंपनीला दिला, तो अर्थातच मी लिहिला. काकांना (म्हणजे घरमालकांना) एक गोष्ट आठवली : फेब्रुवारीच्या बिलात त्यांच्या बंद घराला ऐंशी युनिट आले होते. त्यांना वाटलं, रंगकाम चाललं होतं त्याचे असतील. मला वाटलं रमजानचे. काकूंना वाटलं पॅनेलमुळं.

जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘सर, तीन महिने गप्प का बसलात? पहिल्याच बिलाला फोन करायचा की. घर माझं आहे.’

मी हसलो, म्हटलं राहून गेलं. ते काही क्षण माझ्याकडं बघत राहिले. त्यांना कळलं की नाही मला माहीत नाही. ‘पुढच्या वेळी करा,’ एवढंच म्हणाले आणि स्कूटर चालू केली.

राहिला पैशांचा प्रश्न. आम्ही भरलेले सुमारे तेरा हजार नऊशे, आमच्या खऱ्या वापराचे होत होते चार हजार सातशे-साडेसातशे. फरक नऊ हजारांच्या थोडा वर. अम्मी म्हणाली, ‘उनसे पैसे नक्को लेव. बीमार आदमी की साँस के पैसे कौन लेता?’ मी म्हटलं, साँसचे नाहीत, विजेचे आहेत. दोन दिवस आमच्या घरात या एकाच विषयावर भांडण चाललं. माझं म्हणणं होतं की हक्काचे पैसे आहेत, त्यांचा मुलगा नोकरीला आहे, आपल्याला मुलीची दहावीची शिकवणी लावायची आहे. आजही मला ते चुकीचं वाटत नाही. अम्मीला ते तेव्हाही चुकीचं वाटत होतं.

मी पैसे घेतले. मुलानं पुण्याहून पाच हजार फोनवर पाठवले, ‘सॉरी सर’ असं मराठीत लिहून. बाकीचे काकू महिन्याला हजार-हजार देणार असं ठरलं. जुलै, ऑगस्टचे मिळाले. सप्टेंबरपासून आले नाहीत. मी एकदा विचारावं म्हणून दार वाजवायला गेलो, तर बायको म्हणाली, कशाला जाता, अम्मीनं काकूंना सांगितलंय की सगळे फिटले. हिशेब माझ्या वहीत दोन हजार आणि काहीशेवर थांबलेला आहे. अम्मीला मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

काकांचं मशीन आता त्यांच्याच मीटरवर चालतं आणि बिल पुन्हा पूर्वीइतकं येतं. मी लोकांच्या घरातल्या विजेत उगाच लक्ष घालणारा मास्तर म्हणून बिल्डिंगमध्ये ओळखला जातो. कुणाचं बिल जास्त आलं की रविवारी बोलावणं येतं. मी जातो. मिनिटं मोजतो. पण एमसीबीला हात लावायच्या आधी दोन्ही बाजूंची दारं वाजवतो.

आमचं बिल पुढच्या उन्हाळ्यात दोन हजारांच्या आसपास आलं. अम्मीला मी चारदा सांगितलं की कूलर लाव, परवडतं. ती हौ म्हणते. दुपारी शाळेतून येतो तेव्हा खोलीत पंखासुद्धा बंद असतो आणि ती चौकात चटईवर बसलेली असते, काकूंच्या उंबऱ्याला टेकून. मी आत जाऊन पंखा लावतो. थोड्या वेळानं ती पाणी प्यायला आत येते, आणि जाताना बंद करून जाते.